मुलाचे पहिले धनुष्य: मोजमापापासून पहिल्या बाणापर्यंत

मुलासाठी पहिले धनुष्य घेताना होणाऱ्या चुका बहुतेक एकाच कारणाने होतात, आणि ते कारण म्हणजे उलटा क्रम. आधी दुकानात किंवा मोबाइलवर धनुष्य पसंत केले जाते, मग ते मुलाला झेपते का हे पाहिले जाते, आणि मोजमाप घ्यायचे असते हे शेवटी, मुलाचा खांदा दुखू लागल्यावर कळते. खरे तर धनुष्य हा या खरेदीतला शेवटचा निर्णय आहे. मुलाने धनुष्य कोणत्या हातात धरायचे, तो दोरी किती लांब ओढतो, त्याला किती भार पेलतो आणि तो कोणत्या प्रकारात खेळणार, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, आणि तो क्रम बदलू नये अशी आग्रहाची विनंती आहे.

येथे साधारण आठ ते पंधरा वर्षांचे, नव्याने शिकणारे मूल गृहीत धरले आहे. चोषक लावलेल्या बाणांचे खेळण्यातले धनुष्य हा वेगळा विषय आहे. ते हाताळून मुलाची आवड कळेल, पण तिरंदाजीचे कोणतेही माप त्यावर ठरत नाही.

१. खरेदीआधी मैदान आणि प्रशिक्षक ठरवा

पहिले चार ते सहा आठवडे मुलाने प्रशिक्षण केंद्राच्या धनुष्यावर शिकावे. बहुतेक केंद्रांत नवशिक्यांसाठी हलकी धनुष्ये ठेवलेली असतात. या काळात मुलाची उभे राहण्याची पद्धत बसते, दोरी हनुवटीपर्यंत आणण्याची सवय लागते आणि ओढीची लांबी स्थिर होते. पहिल्या दिवशी घेतलेले माप आणि महिन्याभराने घेतलेले माप यांत एक-दोन इंचांचा फरक सहज पडतो, कारण सुरुवातीला मूल खांदे आखडून अर्धवटच ओढते. म्हणून पहिल्या दिवसाच्या मापावर धनुष्य घेऊ नये.

प्रशिक्षकांना याच काळात दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. केंद्रात इंडियन राउंड (बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य), रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) आणि कंपाउंड (टोकांना चाके असलेले धनुष्य) यांपैकी कोणता प्रकार खरोखर शिकवला जातो? आणि मूल शालेय किंवा जिल्हा पातळीवर खेळले, तर कोणत्या वयोगटात आणि किती अंतरावर खेळेल? जिल्हा संघटनेचे चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे. वयोगटांचे नियम बदलत असल्याने ऐकीव माहितीवर विसंबू नये.

*तपासा:* घराजवळ सुरक्षित मैदान आणि शिकवणारी व्यक्ती नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी. सोसायटीचा वाहनतळ, इमारतीची गच्ची किंवा वस्तीलगतचे मोकळे रान ही सरावाची जागा नव्हे. हलक्या धनुष्याचा बाणही निशाण चुकल्यावर पालकांच्या अंदाजापेक्षा बराच दूर जातो.

२. उजवे की डावे: आधी डोळा पाहा

मूल कोणत्या हाताने लिहिते, त्यावरून धनुष्याची बाजू ठरवण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती अपुरी आहे. नेम धरताना दोन डोळ्यांपैकी एक पुढाकार घेतो. दोरी त्या डोळ्याच्या बाजूच्या हाताने ओढली तर बाण नजरेच्या रेषेत येतो, अन्यथा मूल नकळत मान वाकडी करते किंवा बाण सतत एका बाजूला जातात.

परीक्षा सोपी आहे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडावे. मुलाने दोन्ही हातांनी कागद समोर, हात पूर्ण लांबवून धरावा. आपण तीन मीटरवर उभे राहावे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून आपले नाक पाहायला सांगावे. आपल्याला भोकातून मुलाचा जो डोळा दिसेल, तो त्याचा प्रमुख डोळा. ही परीक्षा वेगवेगळ्या दिवशी काही वेळा घ्यावी आणि मुलाला तिचा हेतू सांगू नये, कारण हेतू कळला की मुले मुद्दाम एक डोळा मिटतात.

डोळा आणि हात एकाच बाजूचे असतील तर प्रश्न मिटला. ते वेगळे असतील तर नवशिक्या मुलाच्या बाबतीत डोळ्याला प्राधान्य द्यावे, कारण दोन्ही हातांनी करण्याचे हे काम त्याच्यासाठी नवेच आहे आणि हाताची जुनी सवय मोडावी लागत नाही. अगदी लहान मुलांत निकाल दर वेळी वेगळा येऊ शकतो. तसे झाले तर ज्या हाताला काम करणे सोपे जाते त्या हाताने ओढू द्यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहावे.

*नेहमीची चूक:* ‘उजव्या हाताचे धनुष्य’ म्हणजे उजव्या हातात धरायचे धनुष्य नव्हे. ते डाव्या हातात धरतात आणि दोरी उजव्या हाताने ओढतात. धरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर बाण टेकण्याची खाच डावीकडे असते. ऑनलाइन मागवताना सर्वाधिक धनुष्ये परत पाठवावी लागतात ती या घोटाळ्यामुळेच, असा माझा अनुभव आहे.

३. ड्रॉ लेंग्थ मोजा

मूल दोरी पूर्ण ओढते तेव्हा दोरी आणि धनुष्य यांच्यामध्ये पडणारे अंतर म्हणजे ड्रॉ लेंग्थ. धनुष्याची उंची, बाणाची लांबी आणि प्रत्यक्ष भार या तिन्ही गोष्टी या एका मापावर उभ्या आहेत, म्हणून ते दोन पद्धतींनी घ्यावे.

पहिली पद्धत अंदाजाची. मुलाला भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून उभे करावे. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजावे. मूल छाती फुगवून हात ताणते, तसे करू देऊ नये. आलेल्या मापाला २.५ ने भागावे. एखाद्या दहा वर्षांच्या मुलीचे माप १३५ सेंटिमीटर आले, तर ड्रॉ लेंग्थ ५४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वाएकवीस इंच. धनुष्यबाणाची सगळी मापे इंचात चालतात, त्यामुळे पुढची नोंद इंचातच ठेवावी.

दुसरी पद्धत प्रत्यक्ष ओढीची, आणि अंतिम माप तिचेच धरावे. केंद्रातले सर्वांत हलके धनुष्य आणि मुलाच्या मापापेक्षा बराच लांब बाण घ्यावा. मूल निशाणासमोर तीन मीटरवर उभे राहून, हात हनुवटीखाली स्थिरावेपर्यंत दोरी ओढेल, आणि त्या क्षणी प्रशिक्षकांनी बाजूला, बाणाच्या टोकाच्या मागे उभे राहून, धनुष्याच्या पुढच्या कडेपाशी बाणावर स्केचपेनने खूण करावी. बाणाच्या मागच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे मुलाची ड्रॉ लेंग्थ. थोडी विश्रांती देऊन हे पुन्हा करावे आणि खुणा अर्ध्या इंचाच्या आत येतात का ते पाहावे. येत नसतील तर मूल अजून खरेदीसाठी तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

४. पाउंडेज: सर्वांत मोठी चूक येथेच होते

दोरी ओढताना जो भार जाणवतो त्याला मैदानावर पाउंडेज म्हणतात. धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे लिम्बवर, लिहिलेला आकडा हा दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो. मूल २८ इंच ओढतच नाही. त्यामुळे लिम्बवरचा आकडा आणि मुलाच्या बोटांवर येणारा भार ही दोन वेगळी मापे आहेत, आणि ती एक मानणे ही या खरेदीतली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

‘दर इंचाला दोन पाउंड कमी’ हा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. तो चाळीस पाउंडांच्या आसपासच्या धनुष्याला ठीक आहे. मुलांच्या हलक्या धनुष्याला तो लावला तर उत्तर फारच कमी येते. दोरी चढवल्यावर ती धनुष्यापासून साधारण आठ इंचांवर असते. तेथून २८ इंचांपर्यंत वीस इंचांचा प्रवास होतो आणि भार त्या प्रवासात जवळजवळ सारख्या प्रमाणात वाढत जातो. म्हणून १८ पाउंडांच्या धनुष्यात दर इंचाला पाउंडाहून थोडा कमीच भार वाढतो. वरच्या उदाहरणातली मुलगी सव्वाएकवीस इंच ओढते, म्हणजे वीसपैकी सव्वातेरा इंचांचा प्रवास करते. तिच्या बोटांवर सुमारे १२ पाउंड, म्हणजे जवळपास साडेपाच किलो भार येतो. दोन पाउंडांच्या नियमाने हेच उत्तर साडेचार पाउंड आले असते, आणि तेवढ्यावर विसंबून पालकांनी तिला तीस पाउंडांचे धनुष्य घेतले असते.

हिशेबापेक्षा काटा खरा. प्रवासी बॅग तोलण्याचा हुकाचा डिजिटल काटा घ्यावा. तो दोरीच्या मधोमध अडकवून मोठ्या माणसाने मुलाच्या ड्रॉ लेंग्थच्या खुणेपर्यंत सावकाश ओढावे, आकडा वाचावा आणि तितक्याच सावकाश दोरी परत न्यावी. एक किलो म्हणजे २.२ पाउंड. काटा दोरीवरून निसटला तर रिकामी दोरी सुटते, म्हणून हुक घट्ट बसल्याची खात्री करावी आणि ओढताना चेहरा काट्याच्या रेषेत ठेवू नये.

मुलाच्या स्वतःच्या ड्रॉ लेंग्थवर आठ ते दहा वर्षांच्या मुलाला ८ ते १२ पाउंड, अकरा ते तेरा वर्षांच्या मुलाला १२ ते १६ आणि त्यापुढे १६ ते २० पाउंड ही सुरुवातीसाठी सुरक्षित मर्यादा मी धरतो. वयापेक्षा अंगकाठी महत्त्वाची असल्याने ही मर्यादा पुढच्या परीक्षेने पक्की करावी.

मुलाला निशाणासमोर उभे करावे आणि बाण दोरीला लावूनच ओढायला सांगावे, म्हणजे दोरी चुकून सुटली तरी बाण निशाणामागच्या गवताच्या गंजीत जाईल. मुलाने पूर्ण ओढून दहा सेकंद थांबावे आणि दोरी न सोडता हळूहळू परत आणावी. मग अर्धा मिनिट विश्रांती. असे सहा वेळा. या वेळी निशाणाकडे मुळीच पाहू नये, पाहायचे ते मुलाच्या अंगाकडे. भार जास्त असेल तर ओढण्याच्या सुरुवातीला धनुष्याचा हात आकाशाकडे जातो, पोट पुढे येऊन कंबर मागे वाकते, दोरी ओढणारा खांदा कानाकडे चढतो आणि श्वास कोंडला जातो. सहाव्या ओढीला यांतले एक जरी लक्षण दिसले तरी दोन ते चार पाउंड कमी करावेत. पहिली ओढ चांगली दिसली म्हणून समाधान मानू नये, कारण पहिली ओढ मुले हौसेच्या जोरावर निभावून नेतात.

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात, तसे धनुष्य घेता येत नाही. झेपत नसलेला भार मूल पाठीच्या स्नायूंनी न ओढता दंडाने आणि मनगटाने ओढते. ती सवय पुढे हलक्या धनुष्यावर परत आणूनही सुटायला फार काळ लागतो, आणि वाढत्या वयातल्या खांद्याला इजा होण्याचा धोका वेगळाच.

*धोक्याची सूचना:* दोरीला बाण न लावता पूर्ण ओढून ती सोडणे हे धनुष्यासाठी आणि मुलासाठी धोक्याचे आहे. बाणात जायची सगळी शक्ती लिम्बमध्येच राहते आणि लिम्ब चिरतात किंवा तुटतात. दुकानात ‘ओढून बघ’ म्हटल्यावर मुले नेमके हेच करतात. त्यांना आधीच बजावावे.

५. प्रकार ठरवा

इंडियन राउंडचे धनुष्य बांबूचे किंवा लाकडाचे असते आणि त्याला साइट (नेम धरण्याची खूण) किंवा स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) नसतो. या प्रकारात ३० आणि ५० मीटरवर नेम धरतात. मूल शालेय स्पर्धांत याच प्रकारात उतरणार असेल आणि प्रशिक्षक तोच शिकवत असतील, तर हेच घ्यावे. खर्च कमी आणि धनुष्य वजनाला हलके. मात्र ते सहसा एकसंध असल्याने भार वाढवायचा झाल्यास पूर्ण धनुष्य बदलावे लागते, आणि बांबूच्या दोन धनुष्यांचा भार सारखा नसल्याने काट्यावर तोलल्याशिवाय घेऊ नये.

रिकर्व्हमध्ये नवशिक्यासाठी लाकडी मधला भाग, म्हणजे रायझर, आणि त्याला स्क्रूने बसणारे दोन लिम्ब, असे सुटे होणारे धनुष्य योग्य. बहुतेक मुलांसाठी माझी शिफारस हीच आहे. मुलाची ताकद वाढली की रायझर तोच ठेवून फक्त लिम्ब बदलता येतात. अशा धनुष्याला सहसा त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे लिम्ब लागतात, म्हणून पुढचे जड लिम्ब सुटे मिळतात का, हे घेतानाच विचारावे. धातूच्या बहुतेक रायझरवर आयएलएफ नावाची सामायिक मापाची जोडणी असते आणि त्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे लिम्ब बसतात. सोय मोठी आहे, पण रायझरचे वजन लहान मुलाच्या खांद्याला सुरुवातीला पेलत नाही. मुलाला नुसते धनुष्य खांद्याच्या रेषेत तीस सेकंद धरायला सांगावे. हात खाली येऊ लागला तर ते धनुष्य पाउंडेज कितीही कमी असले तरी जडच आहे.

कंपाउंडविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ओजस देवतळे आणि अदिती स्वामी या महाराष्ट्राच्या दोघांनी कंपाउंडमध्ये वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही आहे. त्यामुळे मूल थेट कंपाउंड मागते, यात गैर काही नाही. पण पालकांनी त्याची रचना समजून घ्यावी. चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर भार बराच कमी होतो, पण तो कमी होण्याआधी ओढीच्या मध्ये पूर्ण भाराचा टप्पा पार करावाच लागतो. ड्रॉ लेंग्थ चाकावर ठरलेली असल्याने मूल वाढले की ती पुन्हा जुळवावी लागते. दोरी घरी बदलता येत नाही, त्यासाठी लिम्ब दाबून धरणारा प्रेस लागतो. दोरी बोटांनी न ओढता रिलीजने, म्हणजे हातातल्या खटक्याच्या साधनाने, ओढतात, आणि रिलीज चुकून दाबला गेला तर रिकामी दोरी सुटण्याचा धोका असतो. कंपाउंडचेच प्रशिक्षक जवळ असतील आणि त्यांनी मुलाला पाहून होकार दिला असेल, तर मोठ्या पल्ल्यात ड्रॉ लेंग्थ आणि पाउंडेज जुळवता येणारे मॉडेल घ्यावे. अन्यथा पहिले वर्ष रिकर्व्हवर जावे.

६. धनुष्याची लांबी जुळवा

लांबी मुलाच्या उंचीवरून ठरवतात, तशी ती ठरवू नये. ती ड्रॉ लेंग्थवरून ठरते. वीस इंचांच्या आत ओढणाऱ्या मुलाला ४८ इंचांचे, बावीसपर्यंत ५४ इंचांचे, चोवीसपर्यंत ५८ ते ६२ इंचांचे, सव्वीसपर्यंत ६२ ते ६६ इंचांचे आणि त्यापुढे ६६ ते ६८ इंचांचे धनुष्य साधारण बरोबर बसते. दोन मापांच्या मध्ये मूल येत असेल तर लांब माप घ्यावे. धनुष्य आखूड असेल तर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन टोकदार होऊन बोटे चिमटतात आणि शेवटच्या इंचांत भार एकदम वाढतो. लांब असेल तर बाण थोडा मंद जातो, एवढेच.

७. हातात घेऊन तपासा

नवे असो वा वापरलेले, पैसे देण्याआधी ही तपासणी करावी. दोरी चढवलेले धनुष्य खुर्चीवर टेकवून मागून पाहावे: दोरी दोन्ही लिम्बच्या आणि रायझरच्या बरोबर मध्यातून गेलेली दिसली पाहिजे. एका टोकाला ती बाजूला सरकलेली असेल तर लिम्ब पिळला गेला आहे आणि ते धनुष्य घेऊ नये. मग कापसाचा बोळा दोन्ही लिम्बच्या पुढच्या-मागच्या बाजूंवरून आणि कडांवरून हळूच फिरवावा. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तेथे कापसाचे तंतू अडकतात. लाकूड आणि फायबर जोडलेल्या जागी पांढुरकी रेष दिसली तर थर सुटू लागले आहेत असे समजावे. लिम्बच्या टोकाची खाच झिजलेली नाही आणि स्क्रूचे आटे सैल नाहीत, हेही पाहावे.

दोरीचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. नवशिक्यांच्या अनेक लाकडी धनुष्यांची टोके मजबूत केलेली नसतात आणि त्यांना डॅक्रॉनचीच, म्हणजे थोडी ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची, दोरी लागते. ‘वेगवान’ म्हणून विकली जाणारी न ताणणारी दोरी त्यावर चढवली तर टोके फुटू शकतात. धनुष्यासोबतच्या पत्रकात दोरीचा प्रकार लिहिलेला असतो, तो पाहावा, आणि एक जादा दोरी त्याच वेळी घ्यावी.

वापरलेले धनुष्य घेण्यास हरकत नाही, ते अनेकदा शहाणपणाचेच ठरते. मात्र ते किती वर्षे दोरी चढवलेल्या स्थितीत कोपऱ्यात उभे होते, हे विचारावे.

८. बाण

सगळे पैसे धनुष्यावर घालून बाण स्वस्तातले घेणे ही फार आढळणारी चूक आहे. मुलाला इजा धनुष्यापेक्षा चुकीच्या बाणाने होण्याची शक्यता अधिक.

बाण मुलाच्या ड्रॉ लेंग्थपेक्षा किमान दोन इंच, आणि वाढत्या मुलासाठी तीन इंच लांब असावा. वरच्या उदाहरणातल्या मुलीला सव्वाचोवीस इंचांहून लहान बाण देऊ नये. आखूड बाण पूर्ण ओढीत टेकूवरून मागे घसरतो आणि सुटताना थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. ही एकच गोष्ट लेखातून लक्षात राहिली तरी चालेल.

लांबीनंतर लवचिकपणा, ज्याला स्पाइन म्हणतात. स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. हलक्या धनुष्याला १००० च्या पुढचे मऊ बाण लागतात. ताठ बाण हलक्या धनुष्यातून वाकडाच जातो आणि मूल आपला नेम चुकतो असे समजून हिरमुसते. ॲल्युमिनियमच्या बाणावर १४१६ असा आकडा असतो: बाहेरचा व्यास १४/६४ इंच आणि नळीच्या भिंतीची जाडी ०.०१६ इंच. पहिल्या वर्षासाठी ॲल्युमिनियम किंवा फायबर ग्लास मला बरे वाटतात. ॲल्युमिनियम वाकले तर सपाट टेबलावर लोळवल्यावर लगेच दिसते, तर कार्बनची चीर दिसत नाही आणि तो सुटताना फुटला तर त्याच्या कुसळांनी हाताला गंभीर इजा होते. कार्बनच घेतले असतील तर प्रत्येक सरावाआधी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून दूर ठेवून, किंचित वाकवावा. करकर ऐकू आली की तो मोडूनच टाकावा, म्हणजे चुकून पुन्हा भात्यात जाणार नाही.

बाणाची मागची खाच दोरीवर अलगद बसली पाहिजे. बाण दोरीला लटकवावा आणि दोरीवर बोटाने टिचकी मारावी. बाण आधी लटकून राहिला आणि टिचकीने सुटला तर जोड बरोबर आहे. आठ-नऊ बाण पुरेत, कारण एकदोन हरवणार आणि एकदोन वाकणार.

९. अंगावरचे साहित्य

आर्मगार्ड, बोटांसाठी टॅब आणि चेस्टगार्ड हे तिन्ही धनुष्यासोबतच घ्यावेत. टॅब मुलाच्या हाताच्या मापाचा हवा. मोठ्या माणसाचा टॅब कापून लहान केला तर बोटे दोरीवर नीट बसत नाहीत. दोरीचा एक फटका कोपरावर बसला की मूल पुढच्या प्रत्येक बाणाला हात आखडते, म्हणून आर्मगार्ड पहिल्या बाणापासूनच घालावा.

*तपासा:* लांब केस मागे बांधलेले, लोंबती कानातली काढलेली, ओढणी नाही, शर्टाचा खिसा रिकामा, गळ्यातली साखळी आत. पायात बंद बूट.

१०. दोरी चढवणे आणि पहिला बाण

दोरी नेहमी स्ट्रिंगरनेच, म्हणजे धनुष्य वाकवण्यासाठीच्या वेगळ्या दोरीनेच, चढवावी. धनुष्य पायांत अडकवून, मांडीवर वाकवून चढवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तिने लिम्ब पिळले जातात आणि निसटलेला लिम्ब तोंडावर बसतो. चढवल्यावर दोरी दोन्ही टोकांच्या खाचांत पूर्ण बसली का, ते बोटाने चाचपावे. मग पकडीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर मोजून पत्रकातल्या मापाशी ताडावे. कमी असेल तर दोरी उतरवून तिला आणखी पीळ द्यावेत. दोरीवर बाणाची खाच बसण्याची जागा, बाण दोरीशी जेथे काटकोन करतो त्याच्या किंचित वर, साधारण सहा मिलिमीटरवर, पक्की करावी.

पहिले बाण पाच मीटरवरून, ८० किंवा १२२ सेंटिमीटरच्या मोठ्या निशाणावर मारावेत. निशाणामागे भिंत किंवा जाळी हवी, आणि मागून कोणी येऊ शकेल असा दरवाजा किंवा वाट नको. शिट्ट्यांचे संकेत घरीच पाठ करून घ्यावेत: दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला जा, पाच किंवा अधिक म्हणजे जेथे आहात तेथे थांबा आणि ओढलेली दोरी न सोडता परत आणा. निशाणातून बाण उपटताना मागे कोणीही उभे राहू नये. उपटलेल्या बाणाचे मागचे टोक डोळ्याच्याच उंचीवर येते.

सराव संपला की दोरी उतरवावी. धनुष्य कोपऱ्यात टेकवून उभे ठेवू नये; ते आडवे ठेवावे किंवा टांगावे. उन्हात उभ्या गाडीत विसरलेल्या धनुष्याचे चिकटवलेले थर सुटतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात लाकडी धनुष्य कोरड्या कापडाने पुसूनच पिशवीत घालावे आणि ओली पिशवी त्यावर कधीही बंद करू नये.

११. भार केव्हा आणि किती वाढवावा

दर तीन महिन्यांनी ड्रॉ लेंग्थ पुन्हा मोजावी. मूल एक इंच वाढले की बाणांची लांबी आधी तपासावी, कारण धनुष्य तेच असले तरी बाण आता आखूड झालेले असू शकतात. ड्रॉ लेंग्थ वाढली की प्रत्यक्ष भारही आपोआप वाढतो, हे विसरून लगेच जड लिम्ब घेतले जातात. म्हणून आधी काट्यावर सध्याचा भार पाहावा आणि चौथ्या पायरीतली सहा ओढींची परीक्षा पुन्हा घ्यावी. मूल तीत न डगमगता उत्तीर्ण झाले आणि संपूर्ण सरावात शेवटचे बाणही पहिल्या बाणांइतकेच एकत्र पडत असतील, तरच पुढचे लिम्ब घ्यावेत, आणि तेही सध्याच्या लिम्बपेक्षा दोन, फार तर चार पाउंड जड. नव्या लिम्बवर पहिले दोन आठवडे बाणांची संख्या निम्मी ठेवावी, आणि मुलाने खांदा दुखतो म्हटले तर त्याच दिवशी जुने लिम्ब परत लावावेत.